गडी माणसाची वही: मनातलं लिहायला सुरुवात कशी करावी

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत पुरुषाच्या हातची एक तरी वही असते. सरकीच्या पिशव्या, फवारणीचा खर्च, मजुरांची हजेरी, कोणाकडून किती हातउसने घेतले, मोंढ्यावरून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, आलेल्या विक्रीच्या पट्टीत शेवटी हाती काय पडलं, हे सगळं तिच्यात तारीखवार असतं. म्हणजे लिहायची सवय आपल्याकडे आहे. पण ती पट्टी बघून पोटात खड्डा का पडला, घरी आकडा सांगताना आवाज का चढला, रात्री दोनला जाग आल्यावर डोक्यात काय काय फिरत होतं, हे कुठल्याच वहीत येत नाही. हा लेख त्या न लिहिलेल्या भागासाठी आहे. शेतकऱ्यासाठी आहे, तसाच लातूरला क्लाससाठी खोली करून राहिलेल्या पोरासाठी, एसटीच्या चालकासाठी, फायनान्सच्या वसुलीवर फिरणाऱ्यासाठी, ऊसतोडीला जाणाऱ्यासाठी आणि शाळेतल्या गुरुजींसाठीही आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मनातलं बोलता येत नसेल तर आधी लिहा, आणि लिहून झाल्यावर त्यातलं निदान एक वाक्य कुणाला तरी सांगा. वही ही बोलण्याच्या आधीची पायरी आहे. माणसांशी बोलणं टाळायला वही वापरली, तर आतल्या कोंडमाऱ्याला आणखी एक दार बंद होतं.

याची गरज किती आहे ते आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यात जवळपास ७२ टक्के पुरुष होते. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, २२,७४६. प्रत्येक मृत्यूमागे अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, आणि नापिकी, कर्ज, आजारपण वही लिहून मिटत नाही हे मलाही माहीत आहे. तरी ज्या घरात असं घडलं तिथले लोक पुन्हा पुन्हा एकच सांगतात: ‘कधी बोलला नाही.’ गडी माणसानं रडायचं नसतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तोच गडी कीर्तनात लेकीच्या पाठवणीचा प्रसंग आला की उपरण्यानं डोळे पुसतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. भावना असतातच. त्यांना घरी जागा नसते.

लिहिण्यानं काही होतं का, याचा नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी डॅलसमधल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या गोष्टीवर. हे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुखऱ्या गोष्टीवर लिहिणाऱ्यांना लगेच बरं वाटलं नाही, उलट लिहून उठल्यावर ते जास्त उदास होते. पण ज्यांनी काय घडलं आणि त्याचं काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. पुढे असे शेकडो प्रयोग झाले. ते एकत्र तपासले तर सरासरी फायदा लहान दिसतो, पण दिसतो. तेवढीच अपेक्षा ठेवून सुरू करा.

वही कोणती, आणि ठेवायची कुठे

दोनशे पानी साधी वही आणि सहज चालणारं बॉलपेन, बस. बियाण्याच्या दुकानातून नव्या वर्षाला मिळालेली डायरी असते, पण तिच्यात प्रत्येक पानावर तारीख छापलेली असते. चार दिवस राहून गेले की ती कोरी पानं टोचायला लागतात. साध्या वहीत तारीख आपण टाकतो, त्यामुळे खाडे दिसत नाहीत. हिशोबाची वही या कामाला वापरू नका. ती घरात सगळे चाळतात आणि कधी आडत्याकडे, कधी बँकेत जाते.

खरी अडचण वही ठेवायची कुठे ही असते, आणि बरेचजण इथेच थांबतात. दोन खोल्यांचं घर, त्यात आई, बायको, आपली आणि भावाची लेकरं, कपाट एकच. कुणीतरी वाचेल ही धास्ती असली की हात खरं लिहीत नाही. दुसऱ्यानं वाचलं तरी चालेल असंच लिहिलं जातं, आणि मग लिहिण्यात काही अर्थ राहत नाही. म्हणून जागा आधी ठरवा. आखाड्यावरची (शेतातल्या वस्तीवरची) पेटी, मोटारीच्या खोलीतला कोनाडा, दुकानाच्या गल्ल्याखालचा कप्पा, दुचाकीची डिक्की, ड्युटीवरचं लॉकर, यांपैकी काहीतरी जमतं. पावसाळ्यात वही जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

घरच्यांपासून पूर्ण लपवावं का? माझं मत, लपवू नका. लपवलेली वही सापडली की संशय येतो. दुसरं काही प्रकरण आहे का, कुणाचे पैसे घेतलेत का, अशा प्रश्नांना उत्तर देत बसावं लागतं. त्यापेक्षा बायकोला सरळ सांगा: ‘डोकं हलकं व्हावं म्हणून मी जरा लिहीत असतो. तू वाचू नको, सांगण्यासारखं असेल ते मी सांगीन.’ बहुतेक घरांत एवढं पुरतं. ज्या घरात पुरणार नाही असं तुम्हाला पक्कं माहीत असेल, तिथे लिहा आणि पान फाडून टाका. लिहिताना जे व्हायचं ते झालेलं असतं, कागद उरलाच पाहिजे असं नाही. लोकांची पूर्ण नावं लिहू नका. एक अक्षर पुरे, तुम्हाला कळतंच.

कधी लिहायचं

रोजच लिहिलं पाहिजे असं नाही. आठवड्यातून तीनदा जमलं तरी चांगलं. वेळ मात्र तुमच्या दिवसात आधीच असलेल्या एखाद्या थांब्याला जोडा. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत असते तेव्हा मोटार चालू करून वाफा भरेपर्यंत वेळ असतो. एसटीचालकाला मुक्कामी गाडीवर संध्याकाळ मोकळी मिळते. क्लासच्या पोराला मेसवरून आल्यावर अभ्यासाला बसण्याआधीची पंधरा मिनिटं. ऊसतोडीच्या हंगामात कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, उजेड आणि एकांत दोन्ही नसतात. तिथे खिशातली छोटी वही आणि गाडी भरून कारखान्यावर रांगेत लागल्यावरचा वेळ.

अगदी झोपायच्या आधी जड विषय काढू नका, झोप उडते. आणि घेतलेली असताना लिहू नका. तेव्हा सगळं फार खरं वाटतं. सकाळी तेच पान वाचवत नाही आणि वहीच नकोशी होते.

पहिली पंधरा मिनिटं

मोबाइलला पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि फोन पालथा ठेवा. वर तारीख आणि जागा लिहा. मग गजर होईपर्यंत हात थांबवायचा नाही. काही सुचलं नाही तर ‘काय लिहावं कळंना’ हेच लिहा, तीनदा लिहा, चौथ्यांदा काहीतरी येतं. ऱ्हस्व-दीर्घ, शुद्धलेखन, सुंदर अक्षर यांची इथे गरज नाही. खोडायचंही नाही.

भाषा तुमच्या तोंडातली हवी. आपण घरी ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणतो आणि वही उघडली की शाळेतल्या निबंधासारखं ‘आज माझे मन अत्यंत व्यथित झाले’ असं लिहायला लागतो. त्या भाषेत आपण कधी रागावलो नाही, कधी रडलो नाही, म्हणून तिच्यातून खरं काही बाहेर येत नाही. ‘डोकं सरकलं’, ‘जीव गुदमरायलाय’, ‘लई एकटं वाटायलंय’, जसं येईल तसं उतरू द्या.

कल्पनेतली एक नोंद देतो, म्हणजे अंदाज येईल.

‘१२ नोव्हेंबर २०२४. आखाड्यावर. मोंढ्यावरून आलो. सोयाबीनला एकेचाळीसशे लागला. हमीभाव ४,८९२ हाय म्हणं. ओल जास्त म्हणून अजून कापले. घरी आलो तर पोरानं बुटाचं विचारलं अन् मी वसकन अंगावर गेलो. पोरगं गप जेवायला बसलं. घशात आवळल्यासारखं व्हायलंय, छाती भरून आलीय. पोराचा राग नव्हताच. आडत्यापुढं मी एक शब्द बोललो नाही ते टोचायलंय. सगळे बघायलते अन् मी खाली मान घालून पट्टी घेतली. लाज वाटली. अन् भ्यालोय. सोसायटीचं कसं भरायचं. उद्या सकाळी पोराला जवळ घ्यायचं. बूट पुढच्या महिन्यात घेऊ म्हणून नीट सांगायचं.’

यात चार गोष्टी आल्या आहेत. काय घडलं, अंगात काय झालं, मनात काय आलं आणि आता पुढे काय. पहिल्या आठवड्यात हे चार प्रश्न वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा आणि अडलं की तिकडे बघा. अंगाचा प्रश्न वगळू नका. आपल्यापैकी अनेकांना ‘तुला काय वाटतंय’ याला उत्तर सुचत नाही, पण ‘छातीत, पोटात, मानेत काय होतंय’ हे लगेच सांगता येतं. तिथून आत जाता येतं. शेवटची ओळ लहान आणि उद्याच करता येईल अशी हवी. ‘सगळं सुधारायचं’ ही ओळ कामाची नाही. ‘सकाळी पोराला जवळ घ्यायचं’ ही कामाची आहे.

रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. वाईट नाही. पण ज्यानं वीस वर्षं दाबून ठेवलंय त्याला सुरुवातीलाच हे सांगू नये असं मला मनापासून वाटतं. तो ‘सगळं बरं आहे’ असं जगाला सांगतच आलाय, आता वहीलाही तेच सांगेल. आधी खरं येऊ द्या. चांगलंही खरं असतं, ते आपसूक येतं: पाऊस वेळेवर झाला, बैलाचा पाय बरा झाला, मुलीनं फोनवर उगाच अर्धा तास गप्पा मारल्या. आलं की तेही लिहा.

रागाच्या खाली बघा

पुरुषाच्या वहीत पहिले काही दिवस राग आणि टेन्शन हे दोनच पाहुणे येतात. दोन्ही खरे असतात, पण त्यांच्या आडोशाला बाकीचे उभे असतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूचं चित्रण करून एक गोष्ट दाखवली. भावनेला नेमकं नाव दिलं की धोक्याची घंटा वाजवणाऱ्या मेंदूच्या भागाची धावपळ कमी होते. म्हणून नेमका शब्द शोधण्यात दोन मिनिटं घालवा. वहीच्या शेवटच्या पानावर ही यादी उतरवून ठेवा: धास्ती, घोर, लाज, अपमान, हेवा, खंत, पश्चात्ताप, हुरहूर, एकटेपणा, हतबलता, थकवा, उदासी, ओढ, माया, अभिमान, सुटल्यासारखं वाटणं. तुमच्या गावचे, तुमच्या आजीचे शब्द त्यात घाला.

मग एक प्रश्न तीनदा विचारा: ‘आणि याच्या खाली काय?’ समजा, लातूरला नीटची तयारी करणारा एक पोरगा लिहितो, ‘रूममेटचा लई राग येतो, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघतो.’ याच्या खाली काय? ‘माझी झोप होत नाही, टेस्टमध्ये ७२० पैकी ४१० आले.’ त्याच्या खाली? ‘घरी खरे मार्क सांगितले नाहीत. पाचशे सांगितले.’ आणि त्याच्या खाली? ‘बापानं माझ्या फीसाठी गळ्यातलं मोडलं. त्यांच्याशी खोटं बोललो याची लाज वाटायलीय, अन् यंदाही नाही झालं तर गावात तोंड कसं दाखवू याची भीती.’ रूममेटशी भांडून हे सुटलं नसतं. आता निदान कळलं की बोलायचं कोणाशी आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर हात अडतो, पेन खाली ठेवावंसं वाटतं. गजर व्हायचा असेल तर दोन ओळी तरी पुढे जा.

जुनं काही असेल तर

प्रत्येकाकडे एखादी गोष्ट असते जी कधीच कुणाला सांगितलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागात जी मुलं पाच-दहा वर्षांची होती, ती आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी आई, बाप, भावंडं त्या मातीखाली गमावली आणि मग घरं बांधण्यात, शाळेत, कामधंद्यात बोलायचं राहून गेलं. कुणाचं जुनं ओझं भावकीच्या भांडणातलं असतं, कुणाचं भावाच्या अपघाताचं, कुणाचं लहानपणी कुणी केलेल्या वाईट स्पर्शाचं. पुरुषांच्या बाबतीतही हे घडतं, आणि त्यात त्यांचा दोष काहीच नसतो.

अशा गोष्टीसाठी पेनबेकरांची चार दिवसांची रीत वापरता येते. सलग चार दिवस, रोज पंधरा ते वीस मिनिटं, त्याच एका विषयावर. पहिल्या दिवशी नुसतं काय घडलं ते लिहिलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तेव्हा काय वाटलं आणि आता काय वाटतं. तिसऱ्या दिवशी या गोष्टीनं पुढच्या आयुष्यावर काय केलं: तुमचा स्वभाव, लग्न, लेकरांशी वागणं. चौथ्या दिवशी आज मागे वळून बघताना काय समजतं. ज्यांना या लिहिण्याचा उपयोग झाला त्यांच्या पानांमध्ये दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आत्ता लक्षात येतंय’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, असं पेनबेकरांना दिसलं. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे शब्द मुद्दाम वापरून वाक्यं सुरू करा.

काही काळजी घ्या. घटना अगदी ताजी असेल, घरात दहावा-तेरावाही व्हायचा असेल, तर हे करू नका. त्या दिवसांत माणसांजवळ बसा. काही आठवडे जाऊ द्या. लिहून उठल्यावर तास-दीड तास मन जड राहतं, ते साहजिक आहे. लगेच गाडी काढू नका, तोंड धुवा, बांधावरून चक्कर मारून या. आणि लिहिताना हातपाय कापायला लागले, तो प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडायला लागला, तर तिथेच वही मिटा. हे काम समुपदेशकाच्या सोबतीनं करायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला एकट्यानं झेपलं नाही तो कमी पडला असं अजिबात नाही.

तेच तेच पान येत असेल तर

आठवडाभर रोज तीच तक्रार, त्याच शब्दांत उतरत असेल तर लिहिण्यानं मन मोकळं होत नाही, उलट तेच घोळत राहतं. अशा वेळी एक उपाय चांगला चालतो. ‘मी’ ऐवजी स्वतःचं नाव घालून, शेजारच्याची गोष्ट सांगावी तसं लिहा. ‘त्याला वाटतं की भावानं मुद्दाम बांध कोरला. दोघं तीन महिन्यांपासून बोललेले नाहीत. आईला त्याचा त्रास होतोय.’ थोडं लांब उभं राहिलं की आईचा त्रासही दिसायला लागतो, जो ‘मी’ लिहिताना दिसत नव्हता.

घोळणारा विषय पैशाचा असेल तर भावना बाजूला ठेवा आणि एक पान फक्त आकड्यांचं करा. बँकेचं पीक कर्ज, सोसायटी, पतसंस्था, बचत गटाच्या नावावर बायकोनं काढलेलं, मायक्रोफायनान्सचा आठवडी हप्ता, दुकानाची उधारी, हातउसने, सावकार. प्रत्येकासमोर रक्कम, व्याज, तारीख आणि कोण किती थांबू शकतो ते लिहा. डोक्यात फिरणारं कर्ज रात्री मोठं होत जातं. कागदावर ते आहे तेवढंच असतं. कधी कधी तेही फार असतं, पण मग ते पान घेऊन बँकेत पुनर्गठनाचं विचारता येतं, मेव्हण्याला दाखवता येतं. यादीत परवाना नसलेला सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ प्रमाणे तो धंदाच बेकायदा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते, आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. एवढं माहीत असलं तरी त्या रात्रीची झोप थोडी बरी लागते.

न पाठवायचं पत्र

आपल्याकडे बाप आणि लेक एकाच ट्रॅक्टरवर दिवस काढतात आणि पाण्याची पाळी सोडून दुसरं बोलत नाहीत. बापाबद्दल मनात जेवढं साठलेलं असतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कुणाबद्दल असतं. त्यांना पत्र लिहा. ‘अण्णा’, ‘दादा’, ‘बापू’, जी हाक मारता तीच वर लिहा. तीन भाग करा: तुमचं हे लागलं, तुमचं हे आवडायचं, आणि हे विचारायचं राहिलं. ते हयात नसतील तरी लिहा, कदाचित तेव्हा जास्तच लिहा. पत्र द्यायचं नाही हे आधीच ठरलेलं असल्यामुळे शब्द अडत नाहीत. ज्या भावाशी अबोला आहे त्याला, घर सोडून गेलेल्या बायकोला, किंवा बारावीत नापास होऊन दोन दिवस घराबाहेर राहिलेल्या आपल्याच सतरा वर्षांच्या रूपालाही लिहिता येतं. लिहून झाल्यावर ठेवा, जाळा, गोदावरीत सोडू नका एवढंच, नदीला कागद पुष्कळ झाले.

वहीतलं तोंडावर

महिनाभर लिहिलं की एक दिवस मागची पानं उघडा आणि एक वाक्य निवडा. सर्वांत मोठं गुपित निवडू नका. मधलं एखादं घ्या: ‘सध्या मला झोप नीट लागत नाही.’ ‘त्या दिवशी पोरावर ओरडलो ते चुकलं.’ ‘या हंगामाचं मला भ्या वाटायलंय.’ हे कोणाला सांगता येईल तेही लिहून ठेवा. बायको, बहीण, मित्र, मामा, कुणीही. जो लगेच उपाय सांगायला लागत नाही आणि टपरीवर जाऊन बोलत नाही, असा माणूस हवा. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत सांगणं आपल्याला अवघड जातं, म्हणून काम करता करता सांगा. दुचाकीवर मागे बसलेला असताना, कापूस वेचताना, बाजारातून परत येताना. सुरुवातीला म्हणा, ‘सल्ला नको, नुसतं ऐक.’

पहिल्यांदा समोरचा गोंधळेल, कदाचित हसण्यावारी नेईल. वाईट वाटेल. ते वहीत लिहा आणि आठवड्यानं दुसऱ्या कुणाला सांगून बघा. तुमच्या सांगण्यामुळे तोही कधीतरी आपलं सांगेल. तेव्हा तुम्हीही सल्ला देऊ नका.

मोबाइलवर लिहायचं असेल तर

चालतं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवता येतो आणि त्या चॅटला वेगळं कुलूपही लावता येतं. लिहिणं जड जात असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. शाळा लवकर सुटलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे. पण फोन घरात पोरं खेळायला घेतात, आणि लिहिता लिहिता वरून नोटिफिकेशन आलं की मन तिकडे जातं. हातानं लिहिता येत असेल तर मी वहीच सांगेन.

वहीने भागत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल, दारू वाढत चालली असेल, हात उचलला जात असेल, तर लिहीत राहा पण सोबत डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही सोय आहे. तिथल्या केस पेपरला लाजण्यासारखं काही नाही. साखरेच्या आजारावर गोळ्या घेतो तसंच हे.

आणि वहीत ‘जगावंसं वाटत नाही’, ‘मी गेलो तर सगळे सुटतील’ असं काही उतरलं असेल, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी ते पान एखाद्या माणसाला दाखवा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, फोन फुकट लागतो, दिवसरात्र कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. फवारणीचं औषध ठेवलेल्या खोलीला कुलूप लावून किल्ली भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे द्या, कारण विचारलं तर खरं सांगा. असे विचार जोरात येतात, पण त्यांचा जोर ओसरतो. तेवढा वेळ काढायचा असतो, आणि तो एकट्यानं काढायचा नसतो. तुमच्या मित्रानं असं पान तुम्हाला दाखवलं तर त्याला रागावू नका, देवाधर्माचं सांगू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका आणि फोन तुम्ही लावून द्या.

वही भरली की

भरलेली वही एका बैठकीत वाचायचा मोह होतो. तसं न करता फक्त तारखा आणि शेवटच्या ओळी वाचा. ठरवलेल्यांपैकी किती केल्या याचा हिशोब मांडायचा नाही. कोणत्या महिन्यांत पानं जास्त आहेत, कोणत्या वारी, कोणाला भेटल्यावर अक्षर बिघडतं, एवढं बघा. अनेकांच्या वह्यांत मे अखेर ते मृग निघेपर्यंतची पानं दाट असतात: बियाणं, खत, कर्जाचं नवं-जुनं, पोरांच्या फिया, आभाळाकडे बघणं, सगळं एकदम येतं. नोकरदाराचं मार्चमध्ये, क्लासच्या पोरांचं निकालाच्या आठवड्यात. आपला महिना सापडला की नव्या वहीच्या पहिल्याच पानावर तो लिहा. त्याच्यासमोर यंदा त्या दिवसांत कोणाकडे जाऊन बसणार त्या माणसाचं नाव लिहा, आणि आजच त्याला फोन करून सांगून ठेवा की मे महिन्यात मी येणार आहे.